तुरट रसाचा हिशेब

माझी आजी बाळगुटी उगाळताना वेढे मोजत असे. वेखंडाचा एक, सुंठेचा एक, हिरड्याचे दोन, मायफळाचा अर्धा. बाळाला जुलाब होत असले की मायफळाचा वेढा वाढायचा आणि पोट घट्ट झाले की हिरड्याचा. सहाणेवर रोज हा हिशेब मांडणारी ती बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. पुढे रसायनशास्त्र शिकताना मला कळले की मायफळाच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग टॅनिनचा असतो आणि वाळलेल्या हिरड्यात हा भाग सुमारे एक तृतीयांश असतो. मग प्रश्न पडला, की दोन्ही तुरट असताना एकाने पोट बांधले जाते आणि दुसऱ्याने साफ होते, ते कसे? एक चव म्हणजे एक द्रव्य असे आपण धरून चालतो, तिथेच चूक होते. तुरट या एका शब्दामागे शेकडो वेगवेगळे रेणू आहेत. ते कोणते, किती आणि काय करतात, याचा शोध हा या पुस्तकाचा विषय आहे.

टॅनिनची ओळख प्रथम तोंडात होते. जांभळे जास्त खाल्ली की तोंडाला मिठी बसते. कच्चा पेरू, हिरवे टेंभुर्णीचे फळ, चिकणी सुपारी यांनी जीभ कोरडी आणि खरखरीत होते. गोड किंवा खारट चव जशी जिभेवरच्या खास पेशींना कळते, तसे इथे मुख्यतः घडत नाही. लाळेत प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहते. टॅनिन या प्रथिनांना धरून त्यांचा साका करते आणि वंगण नाहीसे होते. आपण ज्याला तुरट म्हणतो तो बराचसा स्पर्श आहे.

प्रथिनाला धरण्याचा हाच गुण चामड्यातही दिसतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमावतात. कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला टॅनिन जागोजागी बांधून टाकते आणि मग ते कातडे जीवाणूंना सहजासहजी खाता येत नाही, म्हणून कुजत नाही. ज्या ढोर समाजातील कारागिरांनी हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांना साल कोणत्या झाडाची, किती दिवस आणि किती कडक पाण्यात लागते हे हाताच्या अंदाजाने माहीत होते. सूक्ष्मजीव रोखण्यासाठी टॅनिन वापरण्याचा हा आपल्याकडचा फार जुना आणि फार यशस्वी प्रयोग आहे. तो करणाऱ्यांच्या वाट्याला मान आला नाही आणि औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेखही क्वचितच येतो. ही उणीव मला डाचते, म्हणून इथे आरंभीच नोंदवते.

टॅनिनचा दुसरा गुण लोखंडाशी जुळलेला आहे. आवळा लोखंडी कढईत ठेवला की काळा पडतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की शाई होते, आणि जुन्या काळी हीच शाई लिहिण्यासाठी वापरत. आजही प्रयोगशाळेत टॅनिनची पहिली ओळख फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून पटवतात. रंग निळसर काळा आला की एका कुळाचा संशय घ्यायचा, हिरवट काळा आला की दुसऱ्या. लोह पकडण्याची ही सवय पुढे जीवाणूंच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते.

या दोन कुळांची नावे इथेच सांगते, कारण पुस्तकात ती पानोपानी भेटतील. पहिले कूळ जलविच्छेद्य टॅनिनांचे. त्यांच्या मध्यभागी बहुधा शर्करा असते आणि तिच्याभोवती गॅलिक आम्ल किंवा त्यापासून झालेले गट जोडलेले असतात. आम्लात उकळले की ते तुटतात. हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल आणि मायफळ यांतली टॅनिने मुख्यतः या कुळातली. दुसरे कूळ संघनित टॅनिनांचे. त्यांच्यात कॅटेचिनसारख्या घटकांच्या साखळ्या असतात आणि त्या तशा सहज सुटत नाहीत. खैर, बाभूळ, अशोकाची साल यांचा तुरटपणा या घराण्याचा. समुद्रातल्या तपकिरी शेवाळांत तिसराच एक प्रकार सापडतो, आणि दोन्ही कुळांचा संकर असलेली मिश्र टॅनिनेही आहेत. वनस्पतीने आखीव कप्पे पाळले नाहीत, कप्पे आपण सोयीसाठी पाडले.

या शास्त्राचा जन्म औषधाच्या दुकानात झाला नाही, तो चामड्याच्या बाजारात झाला. स्वीडनच्या शेलेने १७८६ मध्ये गॅलिक आम्ल वेगळे केले. फ्रान्समध्ये आर्मां सेगँ कातडे झपाट्याने कमावण्याचे उपाय शोधत होता. त्याच्या १७९० च्या दशकातल्या कामातून टॅनिन हा शब्द रूढ झाला. हंफ्री डेव्हीने १८०३ मध्ये तुरट वनस्पतींवर जो प्रबंध वाचला, त्यात मुंबई आणि बंगालहून आलेला कात होता. त्या काताचा निम्म्याच्या आसपास भाग टॅनिन असल्याचे त्याने दाखवले. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा कोकणातल्या कातकरी समाजाचा पिढीजात धंदा, त्यांचे नावही त्यावरून पडले. डेव्हीच्या प्रयोगशाळेत पोचलेला मुंबईचा कात कोणाच्या भट्टीतून निघाला होता याची नोंद कोणी ठेवली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात हिरड्याच्या प्रतींना इथल्या ठिकाणांची नावे होती. जबलपूर, भीमुनिपट्टणम आणि आपले वेंगुर्ले त्यांत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल फिशर आणि त्याचा शिष्य कार्ल फ्रॉइडेनबर्ग यांनी टॅनिनच्या रचनेला हात घातला, आणि १९२० मध्ये फ्रॉइडेनबर्गने वर सांगितलेली दोन कुळे वेगळी केली. हा जर्मन संप्रदाय रेणूची रचना पाहणारा. इंग्लंडमध्ये बेट-स्मिथ आणि स्वेन यांनी १९६२ मध्ये दिलेली व्याख्या वेगळ्या बाजूने येते. पाण्यात विरघळणारे, साधारण ५०० ते ३००० रेणुभाराचे आणि प्रथिनांचा व अल्कलॉइडांचा साका करणारे फेनॉलिक पदार्थ म्हणजे टॅनिन. इथे रचनेपेक्षा वर्तनाला मान आहे. शेफील्डच्या एडविन हॅस्लम यांनी टॅनिन प्रथिनाला नेमके कसे धरते यावर आयुष्यभर काम केले. ऑक्सफर्डजवळच्या ओक वृक्षांवरील अळ्यांचा अभ्यास करून पॉल फीनी यांनी १९७० मध्ये मांडले की पाने जसजशी जून होतात तसतसे त्यांतले टॅनिन वाढते आणि अळ्यांचे पोषण घटते. झाडाच्या संरक्षणाचा हा विचार त्यानंतर परिस्थितिविज्ञानात खोल रुजला.

या सगळ्या संप्रदायांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जपानमधल्या ओकायामाचा. ताकुओ ओकुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅनिनला मळकट, चिकट मिश्रण म्हणून वागवण्याचे नाकारले. जपानी लोकवैद्यकात जुलाबावर देत असलेल्या एका जेरेनियमपासून त्यांनी जेरॅनिइन हे टॅनिन स्फटिकरूपात मिळवले. ते फारसे तुरटही नाही. शुद्ध, ओळखीचा, वजन करता येईल असा रेणू हाती आल्याशिवाय त्याच्या गुणांविषयी बोलू नये, हा धडा तिथून मिळाला. आपल्याकडच्या बहुतेक शोधनिबंधांनी तो अजून गिरवलेला नाही.

आयुर्वेदाने तुरट चवीला कषाय असे नाव देऊन सहा रसांत बसवले आणि तिला स्तंभन, रोपण, ग्राही असे गुण जोडले. हिरड्याला लवण वगळता पाचही रस दिले, त्यांत कषाय प्रधान. वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारिस पिंपळ यांच्या सालींचा पंचवल्कल काढा जखमा धुण्यासाठी सांगितला. बाभळीचे दातवण, त्रिफळ्याच्या पाण्याने गुळण्या, डाळिंबाच्या सालीचा काढा जुलाबावर. ही यादी लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट जाणवते. बहुतेक ठिकाणी द्रव्य रोगाच्या जागेला थेट लागते: तोंड, हिरड्या, जखम, त्वचा, आतडे. मोठी टॅनिने आतड्यातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत हे आज आपल्याला माहीत आहे. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि इलॅजिक आम्लाच्या घराण्यातल्या टॅनिनांपासून युरोलिथिन नावाचे लहान रेणू तयार करतात. म्हणजे टॅनिनचे सामर्थ्य स्पर्शाच्या जागी आहे. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि जुन्या वापराने ती अनुभवातून अचूक पकडली होती. टॅनिन गोळीने पोटात गेले की रक्तातल्या संसर्गावर प्रतिजैविकासारखे चालेल, ही अपेक्षा मात्र ना परंपरेतून निघते ना रसायनातून.

सूक्ष्मजीवांवर टॅनिन कसे चालते, याचा नकाशा ऑगस्टँ स्काल्बेर यांनी १९९१ च्या एका आढाव्यात मांडला आणि तो आजही उपयोगी आहे. टॅनिन जीवाणूची बाहेर टाकलेली विकरे निकामी करते. त्याच्या पेशीच्या आवरणाशी झगडते. आणि लोह पळवते. बहुतेक रोगकारक जीवाणूंना वाढीसाठी लोह हवेच असते, म्हणून ते लोहासाठी जिवाचा आटापिटा करतात. टॅनिनच्या माऱ्यात थांबलेली वाढ वरून लोह घातल्यावर काही जातींत पुन्हा सुरू होते. ती आवळ्याची काळी पडलेली कढई इथे आठवावी. चौथा मार्ग मला सर्वांत आशेचा वाटतो, तो म्हणजे चिकटू न देणे. मुंबईच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले की हिरड्याचा पाण्यातला अर्क दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सची वाढ रोखतो आणि त्याला पृष्ठभागाला चिकटूही देत नाही. क्रॅनबेरीतल्या संघनित टॅनिनांचे मूत्रमार्गातल्या जीवाणूंबाबतचे काम याच जातीचे आहे. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना आणि मुलांना त्याचा काही उपयोग होतो, संस्थांत राहणाऱ्या वृद्धांना आणि गर्भवतींना तो दिसत नाही. जीवाणू न मारता त्याला जागा नाकारणे, हा मार्ग प्रतिकारशक्ती असलेले वाण निपजण्याच्या दृष्टीने कमी धोक्याचा असू शकतो.

ओकायामातच २००० च्या सुमारास आणखी एक महत्त्वाचे काम झाले. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला कोरिलॅजिन आणि टेलिमाग्रँडिन ही टॅनिने दिली, तर तो बीटा-लॅक्टम गटाच्या प्रतिजैविकांना पुन्हा बळी पडू लागतो असे आढळले. टॅनिनने प्रतिजैविकाची जागा घेण्याऐवजी त्याला हात द्यावा, ही कल्पना तिथून बळावली.

सूक्ष्मजीवही गप्प बसत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅन टीघेमने १८६७ मध्येच पाहिले होते की बुरशी टॅनिनवर वाढते आणि त्याचे गॅलिक आम्ल करते. टॅनेज या विकराची कथा तिथे सुरू होते. टॅनिनने भरलेली पाने खाणाऱ्या कोआला आणि शेळ्यांच्या पोटात टॅनिन पचवणारे स्ट्रेप्टोकॉकस सुखाने राहतात. निसर्गात असे कोणतेही शस्त्र नाही ज्याच्यावर तोड निघालेली नाही.

आता विश्लेषणाकडे येते. या पुस्तकाचा जीव इथे आहे. टॅनिन मोजणे सोपे वाटते आणि तिथेच फसगत होते. फोलिन-चिओकॅल्टो अभिकर्मकाची पद्धत १९२७ ची. आपल्या महाविद्यालयांत ती सर्रास वापरली जाते, पण ती कोणत्याही क्षपणकारक पदार्थाला प्रतिसाद देते. मी नवी असताना आवळ्याचे टॅनिन याच पद्धतीने मोजले, आकडा भरघोस आला आणि मला आनंद झाला. त्यातला किती भाग क जीवनसत्त्वाचा होता, हे मी वेगळे काढलेच नव्हते. ते काम मी प्रसिद्ध केले नाही, याचे आजही समाधान वाटते. उपाय अवघड नाही. आधी एकूण फेनॉल मोजायचे, मग टॅनिनला धरून ठेवणाऱ्या अविद्राव्य पॉलिमरने ती काढून टाकून पुन्हा मोजायचे आणि फरक घ्यायचा. संघनित टॅनिनांसाठी आम्लयुक्त ब्यूटेनॉलची पद्धत, ज्वारीच्या दाण्यासाठी खूप वापरली गेलेली व्हॅनिलिनची पद्धत, हॅगरमन आणि बटलर यांनी १९७८ मध्ये दिलेली प्रथिनाचा साका मोजण्याची पद्धत, या प्रत्येकीला आपापला प्रश्न विचारावा लागतो. एक आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. कोणते टॅनिन, हे जाणून घ्यायचे तर उच्च-क्षमता द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्याकडे वळावे लागते.

त्याआधीही एक पायरी आहे, ती म्हणजे नमुना. भीमाशंकरच्या परिसरात, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करतात. कोवळा, बी धरण्याआधीचा तो बाळहिरडा. त्याच झाडाचे अर्धवट वाढलेले फळ चांभारी हिरडा आणि पूर्ण पिकलेले सुरवारी हिरडा. ही तीन नावे म्हणजे बाजाराने आधीच केलेले विश्लेषण आहे, कारण वयाबरोबर फळातले टॅनिन बदलते. तरीही शोधनिबंधांत नुसते ‘हिरडा, बाजारातून आणला’ असे लिहिलेले आढळते. पुढे विद्रावकाचा प्रश्न. वैद्य काढा पाण्यात उकळतात, प्रयोगशाळा मेथेनॉल किंवा ॲसिटोन वापरते. उकळताना हिरड्यातली चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ले अंशतः तुटतात. जपानमध्ये १९९७ साली हिरड्यातून प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसवर चालणारे घटक शोधले गेले, तेव्हा हाती आले ते गॅलिक आम्ल आणि त्याचे एथिल एस्टर. दोन्ही लहान रेणू, काटेकोर अर्थाने टॅनिन नव्हेत.

सूक्ष्मजीवांच्या चाचण्यांतही असेच सापळे आहेत. आगरच्या थाळीत भोक पाडून अर्क ओतायचा आणि भोवतालचे मोकळे वर्तुळ मोजायचे, ही आपली लाडकी रीत. टॅनिनचे मोठे रेणू आगरमध्ये नीट पसरत नाहीत आणि माध्यमातल्या पेप्टोनला चिकटून बसतात. वर्तुळ लहान आले म्हणून अर्क दुर्बळ ठरत नाही. मोठे आले म्हणून औषधही ठरत नाही. द्रव माध्यमात किमान रोधक मात्रा काढली तरी टॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि कधी जीवाणू त्याने मरतात. आणि एकक पाहायला विसरू नये. प्रतिजैविके मायक्रोग्रॅममध्ये चालतात, बहुतेक अर्क मिलिग्रॅममध्ये. हा फरक हजारपटीचा आहे.

टॅनिन वनस्पतीचे म्हणून निर्धोक, हा समजही इतिहासाने खोडून काढला आहे. डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक एडवर्ड डेव्हिडसन यांनी १९२५ मध्ये भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत आणली. जखमेवर कवच धरते, द्रव कमी पाझरतो, म्हणून ती जगभर पसरली. १९४० च्या दशकात यकृताला होणाऱ्या इजेचे पुरावे पुढे आले आणि ती सोडून द्यावी लागली. उलट, दक्षिण अमेरिकेतल्या एका क्रोटॉन झाडाच्या लाल चिकापासून काढलेले क्रोफेलेमर हे संघनित टॅनिन २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत एचआयव्हीबाधितांच्या जुलाबावर औषध म्हणून मान्य झाले. आतड्यातल्या क्लोराइडच्या मार्गांवर ते काम करते, जीवाणू मारत नाही. प्रमाणित अर्क, शुद्धता, माणसांवरील चाचण्या, हा सगळा लांबचा रस्ता त्याने पार केला, म्हणून ते तिथवर पोचले.

हे सारे आत्ताच का सांगायचे? लॅन्सेटमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसे दगावली. युरोपीय संघाने जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर २००६ मध्ये बंदी आणली आणि त्या जागी चेस्टनटसारख्या झाडांची टॅनिने वापरण्याकडे लक्ष वळले. इकडे आपल्या शहरांत ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ असे छापलेल्या बाटल्या वाढत आहेत. या दोन टोकांच्या मध्ये उभे राहून शांतपणे मोजमाप करणारी माणसे हवी आहेत, आणि ती मराठीत विचार करणारीही हवीत.

या संग्रहातले लेखक रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षक आणि वैद्य आहेत. त्यांची मते सर्वत्र जुळत नाहीत आणि संपादन करताना मी ती जुळवून घेतलेली नाहीत. कोणत्या रोगावर किती काढा घ्यावा, हे इथे मिळणार नाही. तान्ह्या बाळाला काय द्यावे, हे तर डॉक्टरांनाच विचारावे. एखाद्या वनस्पतीविषयीचा दावा समोर आला की नमुना, विद्रावक, पद्धत, मात्रा आणि जागा हे पाच प्रश्न विचारता यावेत, एवढी तयारी वाचकाची व्हावी, असा आमचा प्रयत्न आहे. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ आणि नाडकर्णींचे ‘इंडियन मटेरिया मेडिका’ यांनी पाया घातला. त्यावर आकड्यांची भिंत उभी करणे आमच्या पिढीचे काम होते. ते पुरेसे झालेले नाही.

वाचकांकडे माझे एकच मागणे आहे. घरात किंवा गावात कोणी वृद्ध बाई अजून सहाण वापरत असतील, कोणी कातडी कमावत किंवा कात काढत असतील, तर त्यांच्याकडे बसून लिहून घ्या. कोणते झाड, कोणता महिना, फळ किती पिकलेले, पाणी किती, वेढे किती. ही नोंद सांगणाऱ्याच्या नावासह आणि परवानगीसह आमच्याकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत तिचे विश्लेषण आम्ही करू, आणि श्रेय त्या व्यक्तीच्या नावाने छापू.